डाव्या पुडीची कणीक

जिनाचं इंजिन बंद पडलं तेव्हा उकंडरावाला वाटलं, आपण मेलो.

हसू नका. चार महिने ज्याच्या डोक्यात एकच घरघर चालली असेल, त्याच्या डोक्यातून ती एका झटक्यात काढून घ्या आणि मग बघा त्याला काय वाटतं ते. उकंडराव हिंगोलीच्या एका जिनावर तेलवाला होता. दिवाळी झाली की जायचा, शिवरात झाली की डोंगरकड्याला, आपल्या गावी, परत यायचा. कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांची लांबलचक ओळ, ती फिरवणारे चामड्याचे पट्टे, आणि त्या सगळ्याखाली तेलाची बुधली घेऊन वाकून फिरणारा हा. तिथं कुणी कुणाशी बोलत नसे, नुसते हातवारे. मुकादम शिव्या द्यायचा त्यासुद्धा हातानंच, आणि काय सांगू, त्या बराबर कळायच्या. यंदा कापूस एवढा आला की जिनाला दम म्हणून नव्हता. शेवटी शिवरातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनवाल्यानं वाफ सोडली, पट्टे एकेक करून थांबले, आणि उकंडराव बुधली हातात धरून तसाच उभा राहिला. आपण अजून उभे आहोत हे त्याला पायांकडं बघून कळलं.

वारंग्यापर्यंत तो एका रिकाम्या गाडीतून आला. गाडीवान सगळा रस्ता बोलत होता. त्याचे ओठ हलत होते, मधूनच तो मांडीवर थाप मारून हसत होता, आणि उकंडराव अदमासानं मान डोलवत होता. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा होत्या, त्या नुसत्याच हलत होत्या. वारंग्याला उतरून पुढं डोंगरकड्यापर्यंत तो पायी गेला. वाटेत पाखरं चोची उघडत होती आणि मिटत होती. त्याच्या कानात मात्र जीन अजून चालूच होतं.

घरी आल्यावर मंजुळाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि काहीतरी विचारलं.

"काय?" उकंडराव एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या घरातलं लेकरू रडायला लागलं.

"आवं, जेवून घेता का, म्हन्लं!" ती त्याच्याहून मोठ्यानं ओरडली.

झालं. दिवेलागणीपर्यंत उकंडरावाचे कान गेल्याचं सगळ्या गल्लीला समजलं. लोक भेटायला येत आणि त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन बोंब मारल्यासारखे बोलत. "कसं हाय उकंडराव! तब्येत बराबर हाय ना!" आणि जाताना मंजुळाबाईकडं बघून चुकचुकत. गावाला एखाद्याची दया करायची म्हटली की मग कोण थांबवणार?

आता उकंडरावाला कानाचं एवढं काय होतं, ते सांगायला पाहिजे. वर्षातले चार महिने हा माणूस तेलवाला होता. उरलेले आठ महिने तो पखवाजवाला होता. दर सोमवारी दिवे लागले की महादेवाच्या देवळात भजन व्हायचं. गाणारा व्यंकटराव, त्याला सगळे बुवा म्हणत. पण बुवा तरी काय, उकंडरावानं पखवाजाच्या कडेचे लाकडी गठ्ठे हातोडीनं ठोकून, कान लावून, 'हं' म्हटल्याशिवाय तोंड उघडत नसे. ते 'हं' उकंडरावाला बापानं दिलं नव्हतं की कुण्या गुरूनं. ते त्याला आपोआपच कळायचं, आणि कसं कळतं याचं त्याला स्वतःलाच नवल वाटायचं. जिनावर जाताना तो पखवाज गवसणीत घालून खुंटीला टांगून जायचा. चार महिने त्याला कुणी बोट लावायचं नाही. जिनावर पाठ मोडून यायची तेव्हा तो डोळे मिटून ती खुंटी आठवायचा, आणि त्यावर त्याचे चार महिने निघायचे.

पहिला दिवस कानात जिनाच्या घरघरीतच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात तोंड धूत होता आणि एकदम थबकला. तोंडातलं पाणी तोंडातच. कौलावर कावळा बसला होता, आणि तो ओरडत होता, आणि ते ऐकू येत होतं!

"आरं तिच्या! कावळा!" उकंडराव म्हणाला.

तुम्ही-आम्ही कावळ्याला दगड मारतो. हा बाप्या ओल्या तोंडानं त्याच्यासमोर हात जोडायचा तेवढा राहिला. काय तो आवाज! खरखरीत, सणसणीत, मध्येच फाटलेला. एवढीशी काळी वस्तू, आणि एवढं मोठं बोलते? तो बघतच राहिला. तिसऱ्या दिवशी मंजुळाबाईच्या बांगड्या आल्या. ती जात्यावर दळत होती आणि हात वर आला की बांगड्या मनगटाकडं सरकून किणकिणायच्या. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण त्या बांगड्या अशा एकामागं एक वाजतात हे त्याला आजच समजलं. चौथ्या दिवशी तो गोठ्यात गेला तर बैल रवंथ करत होता, आणि त्या रवंथाचा चक्क आवाज होता. कडबा दाढेखाली रगडला जाताना आधी करकर, मग मऊ, मग घोट. उकंडराव तिथंच शेणात उकिडवा बसला. हे आधी वाजायचं? रोज वाजायचं? आणि आपण रोज त्या बैलाच्या पाठीवर थाप मारून निघून जात होतो! एक घोट झाला की तो दुसऱ्याची वाट बघायचा.

असा एकेक आवाज घरी परत येत होता. येत नव्हता तो एकच, पखवाजाचा.

दुसऱ्याच दिवशी त्यानं गवसणी सोडली होती. पखवाजाच्या उजव्या पुडीला, म्हणजे तोंडावरच्या चामड्याला, कायमची काळी शाई असते, पण डाव्या पुडीला दर वेळी ओली कणीक लावावी लागते. ती लावली तरच डावी बाजू घुमते, आणि डावी घुमली तरच उजवीला जोड मिळते. कणीक द्यायचं काम मंजुळाबाईचं. तिनं गोळा दिला, त्यानं तो पुडीच्या मधोमध थापला आणि हात मारला.

बद्द.

रिकाम्या कणगीवर मारावं तसं. त्यानं गठ्ठे ठोकले, पुन्हा मारलं, पुन्हा बद्द. कणीक हाताला जरा भुरभुरीत लागली. त्याला वाटलं, पट्टे ओढून तळहाताला घट्टे पडलेत, आपल्याला आता ओलं-कोरडं काय कळणार. कणकेचा रंग फिका दिसला. त्याला वाटलं, डोळ्यांत कापसाची भुकणी बसलीय. आवाज बद्द आला. मग तर काय, कान गेलेच आहेत, सगळी गल्लीच सांगून राहिली. आपल्या माणसांची रीतच अशी. काही बिघडलं की आधी आपलंच अंग खराब धरायचं.

तिसऱ्या दिवशी बद्द. पाचव्या दिवशी बद्द. कावळा आला, बांगड्या आल्या, बैलाचा रवंथ आला, पण 'हं' काही येईना. मग त्यानं मनाशी हिशोब मांडला. माणसाला कान दोन प्रकारचे असणार. एक कावळा-बैल ऐकायचा, तो देवानं परत दिला. दुसरा सूर ऐकायचा, तो जिनात राहिला, आणि तो काही आता परत येत नाही.

रविवारी जेवताना तो म्हणाला, "मंजुळा, उद्याच्याला देवळात बसून बघतो. नाहीच जमलं तर पखवाज महादेवाच्या पायाशी ठेवून येईन. घरात न्हाई आनायचा. खुंटीवर दिसला तर मला अन्न गोड लागनार न्हाई."

"आसं काहून बोलून राहिले!" मंजुळाबाई ओरडली. अजून ती ओरडूनच बोलत होती. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि चुलीकडं तोंड फिरवलं. उकंडरावाला तिचा हुंदका स्पष्ट ऐकू आला, आणि त्याचंही त्याला नवल वाटलं, की हे एवढं बारीक ऐकू येतं आणि ते नाही!

सोमवारी दिवेलागणीला देऊळ भरलं. इकडं पुरुष, खांबापलीकडं बायका. व्यंकटरावाची आई, पार्वतीबाई, हिचा काही नवस फिटला होता, म्हणून तिनं कणकेचे पाच दिवे करून आणले होते. लढाईचे दिवस, सरकार लेव्ही म्हणून धान्य सक्तीनं उचलून नेत होतं, गहू तर औषधालाही मिळत नव्हता. पण म्हातारीनं मडक्याच्या तळाशी जपून ठेवलेले गहू दळले आणि पाच दिवे गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ओळीनं लावले.

उकंडराव यायच्या आधी व्यंकटरावानं मंडळींना दम भरला होता. "ध्यानात ठेवा. कसाबी वाजला तरी वा म्हनायचं. मानूस आधीच खचला हाय." सगळ्यांनी माना हलवल्या. म्हणजे बघा, वाईट कुणाच्याच मनात नव्हतं.

उकंडराव बसला. मंजुळाबाईनं घरूनच आणलेला गोळा पुढं सरकवला. त्यानं थापला. गठ्ठे ठोकले. हात मारला.

बद्द.

"वा!" व्यंकटराव म्हणाला.

"झकास! जुनाच हात!" दुसरा कुणीतरी म्हणाला. टाळवाल्यांनी माना डोलावल्या.

उकंडरावानं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. सगळे हसत होते. म्हणजे सगळ्यांना चांगलं ऐकू येत होतं, आणि फक्त आपल्याला बद्द! पखवाजाच्या दोऱ्यांवरून त्यानं एकदा हात फिरवला आणि तो उचलायला दोन्ही हात खाली घातले.

तेवढ्यात थावरा आला. थावरा तांड्यावरचा. तिथून यायला त्याला नेहमीच उशीर व्हायचा, त्यामुळं व्यंकटरावाचा दम त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. होळीला तांड्यावर नगारा वाजवायचा तो याच थावऱ्यानं, आणि वाजवण्यातलं त्याला कळायचं. त्यानं चपला काढता काढताच विचारलं:

"उकंडभाऊ, ह्याला काय झालं? बाहेरूनच ऐकलं. बोलून न्हाई राहिला हा."

व्यंकटरावानं लगबगीनं दाराशी जाऊन त्याच्या दंडाला चिमटा काढला.

"आन बुवा, तुमी चिमटे काहून काढून राहिले?" थावरा म्हणाला.

उकंडरावाचे हात पखवाजावर तसेच राहिले. "थावऱ्या," तो म्हणाला, "तुला बी बद्द ऐकू येतंय?"

"बद्द हाय तर बद्दच ऐकू येनार! दुसरं काय ऐकू?"

व्यंकटरावानं मान खाली घातली. थावरा पुढं आला, खाली बसला आणि डाव्या पुडीवरच्या कणकेला त्यानं अंगठा लावला. तिचा एक तुकडा मोडून खाली पडला आणि पडताच त्याचा भुगा झाला.

"ही कनीक हाय का भाकरीचं पीठ?" थावरा म्हणाला.

खांबापलीकडून मंजुळाबाई उठली. डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि या वेळी ती ओरडली नाही. "जवारीचंच हाय," ती म्हणाली. "गहू मूठभरच व्हते. थोडे थोडे घालून बाकी जवारीचं पीठ मळत गेले. चार महिन्यांनी आले, आन घरात गहू न्हाई म्हनून कसं सांगू? तुमी सारं गाव फिरले असते हात पसरत. मला काय ठावं, पीठ ते पीठ वाटलं. कान तुमचेच गेले असतील म्हनून मी बी रडून राहिले रोज."

आता इथं कुणाला वाटेल की उकंडराव चिडला असेल. त्यानं तो भुगा चिमटीत घेतला, डोळ्यांपाशी नेला, हुंगला. जवारी! आठ दिवस आपल्या बोटांना कळत होतं, डोळ्यांना दिसत होतं, कानांना ऐकू येत होतं. तिघंही खरं सांगत होते आणि आपण तिघांनाही खोटं पाडलं. त्यानं दोन्ही हात दोन्ही कानांवर ठेवले, हरवलेलं लेकरू जत्रेत सापडल्यावर त्याचं डोकं धरावं तसे, आणि तो सगळ्यांच्या देखत रडला.

"मग गहू आना कुनीतरी!" व्यंकटराव ओरडला. मघाशी खोटंच 'वा' म्हटल्याचा तो राग होता. पण गहू आणणार कुठून? सगळ्यांच्या माना हळूहळू गाभाऱ्याच्या उंबऱ्याकडं वळल्या, आणि लगेच शरमून परत फिरल्या.

पार्वतीबाई म्हातारी तिथूनच म्हणाली, "बघता काय चोरावानी? घ्या त्यातला. पन देवाचा दिवा फुंकायचा न्हाई. कडेच्या दिव्यात तूप कमी पडलं व्हतं, तो इझंल आता. इझला का घ्या."

"आई, नवसाचा हाय तो," व्यंकटराव म्हणाला.

"आन हे तुमचं धूमधूम तरी कुनासाठी चालतं? माझ्यासाठी?"

सगळे दिव्याकडं तोंड करून बसले. टाळ मांडीवर, हात टाळांवर. दिवा विझायची वाट बघत बसलेलं अख्खं देऊळ तुम्ही कधी पाहिलंय? विझावा असंही म्हणवत नव्हतं, आणि जळत राहावा असंही. लहान लेकरंसुद्धा चिडीचूप झाली. आणि त्या शांततेत उकंडरावानं एकदम मान वर केली.

टप.

त्याला वाटलं भास झाला. मग पुन्हा. टप. गाभाऱ्यात पिंडीवर तांब्याचं अभिषेकपात्र टांगलेलं होतं, आणि त्याच्या बुडाच्या भोकातून थेंब पडत होता. थेंब पिंडीवर पडायचा, त्याचा एक आवाज. मग गाभाऱ्याच्या दगडातून तोच पुन्हा यायचा, जरा खालचा, त्याच्याच धाकट्या भावासारखा. आणि मग काहीच नाही. आणि मग पुन्हा टप.

"ऐकू येऊन राहिलं का कुनाला?" उकंडरावानं हळूच विचारलं.

"काय?"

"थेंब."

सगळ्यांनी कान दिला. हळूहळू एकेकाचं तोंड उघडलं. थावऱ्यानं बोट वर केलं आणि थेंबाबरोबर खाली आणलं. व्यंकटराव पंचवीस वर्षं त्या देवळात गात होता, तो पुटपुटला, "आयला, हे रोज पडतं?" कितीतरी थेंब पडले. भजनाला जमलेली मंडळी, अजून एक शब्द गायली नव्हती, आणि सगळ्यांच्या अंगावर शहारे होते. उकंडराव तर पार विरघळून गेला होता. जिनात चार महिने त्यानं आवाजाचा डोंगर डोक्यावर वाहिला होता, आणि त्यातलं काहीही आता आठवत नव्हतं. हा एक थेंब मात्र सगळ्या देवळाला पुरत होता.

कडेचा दिवा फडफडला आणि विझला.

पार्वतीबाईनं तो दोन्ही हातांनी उचलला, नमस्कार केला आणि उकंडरावाकडं दिला. त्यानं वात काढली, तुपाळ भाग खरवडून बाजूला केला, खालच्या कोऱ्या कणकेला पाणी लावून मळली. कणीक बोटांना चिकटली, ताणली, ओढ देऊन परत आली. घट्ट्यांखालूनसुद्धा कळलं. त्यानं पुडी पुसली, कणीक थापली, गठ्ठ्यावर हातोडीचे दोन हलके घाव घातले.

आणि हात मारला.

धूम!

तो आवाज कानांत आलाच नाही आधी. तो फरशीतून आला, मांड्यांतून चढला, बरगड्यांत भरला आणि मग कुठं कानांत पोचला. उंबऱ्यावरच्या चारी ज्योती हलल्या. खांबाला टेकलेली लेकरं खांबापासून दूर झाली आणि वळून खांबाकडं बघायला लागली. उकंडरावानं उजव्या पुडीवर बोटं टाकली. तां. डावी आणि उजवी एकमेकींत मिसळली.

"हं," उकंडराव म्हणाला.

मग व्यंकटरावानं तोंड उघडलं.

भजन किती वेळ चाललं, कसं झालं, ते विचारू नका. ते सांगता येत असतं तर भजनाला जायचं कशाला? भजन संपलं की डाव्या पुडीची कणीक खरवडून गाईला घालायची, ही रीत. पण त्या सोमवारी उकंडरावानं ती खरवडली नाही. ओल्या फडक्यानं झाकून पखवाज तसाच घरी आणला.

सकाळी मंजुळाबाई अंगण सारवून आत आली तर तो ओसरीवर पखवाज मांडून बसला होता.

"आवं, गाय वाट बघून राहिली!" ती सवयीनं ओरडली.

"हळू बोल. मला ऐकू येतं," उकंडराव म्हणाला. "हात धू आन हिकडं बस."

ती हात धुऊन आली आणि चार हात लांब बसली. वीस वर्षांत तिनं त्या वाद्याला गवसणीवरून झटकण्यापलीकडं बोट लावलं नव्हतं.

"जवळ. हिथं तळहात ठेव. कनकेच्या कडेला."

"मी? मी काहून?"

"वीस वर्सं तू कनीक देऊन राहिली," उकंडराव म्हणाला. बोलताना त्याला तिच्याकडं बघवेना, म्हणून तो पुडीकडंच बघत होता. "गव्हाचीच काहून लागते, हे मी तुला एकदा बी सांगितलं न्हाई. सांगायचं माझ्या डोक्यातच आलं न्हाई. तुला ठावं असतं तर आठ दिवस दोघांनी रडायची पाळी आली नसती. चूक माझी हाय. ठेव हात."

मंजुळाबाईनं भीत भीत तळहात पुडीच्या कडेवर टेकवला. उकंडरावानं हळूच हात मारला.

तिनं चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. पदर धरला, पखवाजाकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, स्वतःच्या तळहाताकडं बघितलं. तिचे डोळे लेकरासारखे झाले होते. बाहेर गाय हंबरली, पण दोघांपैकी कुणीच उठलं नाही. मग मंजुळाबाई गुडघ्यांवर पुढं सरकली, आणि या वेळी कुणी न सांगता तिनं हात पुन्हा पुडीवर ठेवला.

"आजून येकदा," ती म्हणाली, अगदी हळू. उकंडरावाला ते बराबर ऐकू आलं.